वेंडलच्या हातांना झेपेल असं

"हे बक्कल ज्यानं बनवलंय ना, त्याच्या आजोबांना बसवा म्हणावं या गाडीत," वेंडल पुटपुटला. "म्हणजे कळेल लेकाला."

ओपलने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पिकअपचं इंजिन चालू होतं, काचेवर पावसात मिसळलेला बर्फ तडतडत होता, आणि तिचा नवरा सीटबेल्टचं टोक खाचेत घालायला चौथ्यांदा धडपडत होता. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजून वाकडी झाली होती. मदत करावी तर रागावणार, न करावी तर इथेच दिवस मावळणार. म्हणून ती वायपरकडे बघत बसली. शेवटी खट् झालं.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "कुठे निघालोय आपण?"

"रीटाच्या दुकानात. तुझं पिस्तूल बघायला."

"ते माहितीये मला. कुठल्या रस्त्याने, ते विचारतोय."

तिथे जायला रस्ता एकच होता, आणि गेली चाळीस वर्षं एकच होता. "पुलावरून," ओपल म्हणाली आणि तिने गाडी काढली.

गेल्या रविवारी चर्चमधल्या जेवणाला ब्रदर लॉयसने ग्लासावर चमचा वाजवून सगळ्यांना गप्प केलं होतं. लॉयस म्हणजे चर्चच्या राखणदारांचा म्होरक्या. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या त्या डोंगरपट्ट्यात आता बऱ्याच चर्चमध्ये असे राखणदार असतात: चार-पाच पुरुष, कोटाखाली कमरेला पिस्तूल, एकेक दार वाटून घेतलेलं. वेंडलकडे मागचं दार. बावीस वर्षं तो त्या दाराशी घडीच्या खुर्चीत बसत आला होता, आणि बावीस वर्षांत त्याने पिस्तुलाला हात म्हणून लावला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या वाटायच्या, एवढाच काय तो त्याचा गोळीबार.

"ब्रदर वेंडलचे हात त्याला त्रास देतात, हे आपण सगळे बघतोय," लॉयस म्हणाला होता. "जुनं पिस्तूल त्याला ओढवत नाही. तर आपण सगळ्यांनी मिळून त्याला नवं घेऊन द्यायचं. हातांना झेपेल असं."

टाळ्या पडल्या. वेंडलचे डोळे भरून आले. ओपल बटाट्याचा कॅसरोल वाढत होती. तिने डाव खाली ठेवला आणि चारचौघींसारख्या टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या पाच दिवस झाले तरी तिच्या कानातून जात नव्हत्या.

कारण हातांची गोष्ट सुरू केली होती तिनेच.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, सकाळचे आठ वाजले असतील. बाहेर असंच हवामान होतं. कोंबड्यांच्या खुराड्यातून अंडी काढायला जाताना तिने खुंटीवरचा वेंडलचा जुना जाड कोट अंगात घातला आणि कोटालाच शिवलेली टोपी डोक्यावरून पुढे ओढली. परत येऊन कोपराने स्वयंपाकघराचं दार ढकललं, तर वेंडल सिंकपाशी उभा. पायात मोजे, अंगात पायजमा, आणि हातातलं पिस्तूल तिच्या छातीवर रोखलेलं.

"कोण आहेस तू?" त्याने विचारलं.

असल्या पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, त्याला स्लाईड म्हणतात, मागे खेचून सोडल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. राखणदारांचा नियमच होता की नळी रिकामी ठेवायची, पोरंबाळं अवतीभवती असतात म्हणून. वेंडल घरीही तो नियम पाळायचा. त्या सकाळी त्याने स्लाईड खेचायला बोटं लावली. बोटं निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्याने दात आवळून जोर केला आणि वेदनेने त्याच्या तोंडून आवाज निघाला. या सगळ्या वेळात तो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर ओपलने सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाही पाहिली नव्हती. भांडणातसुद्धा नाही.

"वेंडल," ती म्हणाली, "अंडी फुटतील रे."

हे कसं सुचलं ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याने तिच्या हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. वाडगा निळा होता, बाजूला टवका उडालेला. हळूहळू त्याचा चेहरा परत आला, जसे लोक घरी परत येतात, एकेक करून.

"फार कडक झालीये ही स्लाईड," तो म्हणाला. "हातच चालत नाहीत बघ माझे."

मग तिने चार अंडी तळली आणि दोघांनी ती खाल्ली.

टल्सातल्या मुलीला तिने फोनवर सांगितलं, बाबांच्या हातांचं वाढलंय. चर्चमध्ये विचारलं कोणी, तर सांगितलं, हात. हातांचं सांगायला सोपं होतं. हातांना मलम असतं, गरम पाण्याची पिशवी असते, शेजारीण आपल्या मावशीची गोष्ट सांगते. त्या भागात माणसाकडून गाडीच्या किल्ल्या काढून घेता येतात, रडारड होते, पण घेता येतात. पिस्तूल काढून घ्यायचं म्हणजे तू आता कोणी उरला नाहीस असं तोंडावर सांगायचं. ओपलने गोळ्यांचा डबा पिठाच्या पिंपात लपवून पाहिला. वेंडलने लॉयसला फोन केला, आणि लॉयस बिचारा त्याच संध्याकाळी नवा डबा घेऊन दारात हजर. सोबत बायकोने दिलेला पीचचा केक.

माणसं चांगली होती. तिला आता भीती वाटायची ती चांगल्या माणसांचीच. कारण तीन आठवडे तिला जिवंत ठेवलं होतं ते त्या वाकड्या बोटांनी, आणि चांगली माणसं आता त्यावर उपाय शोधायला निघाली होती.

रीटा कॅन्ट्रेलच्या दुकानाच्या दाराला घंटी बांधलेली होती. आत कॉफीचा आणि तेलाचा वास, भिंतीवर हरणाची मुंडकी, आणि काउंटरखाली बिस्किट नावाचा लठ्ठ म्हातारा कुत्रा. लॉयस आधीच येऊन दुसरा कप पीत होता.

"आला नवरदेव," तो म्हणाला.

"नवरदेवाला घोड्यावर बसवतात," वेंडल म्हणाला, "इथे घोडा नवरदेवाच्या हातात." आणि सगळे हसले. तो असा बोलला की ओपलला वाटायचं, आपल्यालाच वेड लागलंय.

रीटा पन्नाशीची, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. वडिलांमागे दुकान तीच चालवायची. तिने काउंटरवर रबराची चटई अंथरली. "मिस्टर वेंडल, आधी माझे हात दाबा बघू. दोन्ही. जोरात."

वेंडलने दाबले.

"माझ्या आईचे असेच होते," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तिला लोणच्याची बरणी उघडता यायची नाही, पण साप मारायला कोणाला हाक मारायची नाही. बघू काहीतरी."

"मी सांगतो ना," लॉयसने बोट दाखवलं. "ते छोटं रिव्हॉल्व्हर. स्लाईडची भानगडच नाही. पिसासारखं हलकं. माझ्या बायकोला तेच घेतलं."

"आणि बायकोने ते किती वेळा चालवलं?"

"एकदा."

"मग?"

"मग ड्रॉवरमध्ये आहे."

"सगळ्यांच्या बायकांचं ड्रॉवरमध्येच आहे," रीटा म्हणाली. "जितकं हलकं तितकं हाताला लाथ मारतं. आणि चाप कसला कडक असतो, ते बघाच." तिने रिव्हॉल्व्हरची फिरकी उघडून सगळी घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि ते वेंडलकडे दिलं. तिच्या दुकानाची ती रीतच होती: देताना रिकामं दाखवून द्यायचं, परत घेताना रिकामं दाखवून घ्यायचं, मग समोर बिशप असो की शेरीफ.

वेंडलने भिंतीवरच्या हरणावर नेम धरून चाप ओढला. बोट थरथरलं. चाप अर्ध्यावर येऊन थांबला. त्याने दुसऱ्या हाताचं बोटही लावलं, तरी नाही.

ओपलचा श्वास सुटला. लाज वाटावी इतकं बरं वाटलं तिला.

दुसरं पिस्तूल छोटं, चपटं होतं. त्याची स्लाईड वेंडलला नखभरसुद्धा सरकवता आली नाही. "छोट्याची स्प्रिंग दांडगी असते," रीटा म्हणाली. तिसऱ्याची स्लाईड ओढायचीच नव्हती. एक कळ दाबली की नळीच वर उघडायची, स्टेपलरसारखी, आणि गोळी वरून ठेवायची. वेंडलने कळ दाबली, नळी उघडली. मग तो त्या उघड्या नळीकडे बघत राहिला.

"आता बंद करा," रीटा म्हणाली.

"हो," तो म्हणाला. पण केली नाही. पिस्तूल उलटंसुलटं केलं, जणू कोणीतरी दुसऱ्याचा चष्मा चुकून त्याच्या हातात दिला होता.

"बोटं," लॉयस घाईने म्हणाला. "थंडीने आखडतात त्याची." आणि त्याने स्वतःच हात पुढे करून नळी बंद केली.

रीटाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मिस्टर वेंडल, सैन्यात असताना कोणतं होतं हो तुमच्याकडे?"

यावर वेंडल सुटला. पिस्तूल कोणतं, त्याचा दस्ता कुठे चिरलेला, सार्जंट कोण, सार्जंटच्या कुत्रीला किती पिल्लं झाली, सगळं सांगितलं, एकही अडखळ न घेता. लॉयसने विजयी मुद्रेने ओपलकडे पाहिलं. वेंडल बोलता बोलता थांबला, मागच्या पडद्याकडे मान वळवून म्हणाला, "रीटा, बाबा आत आहेत का ग? त्यांना आवडेल ही गोष्ट."

रीटाच्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती. शवपेटीच्या उजव्या बाजूला पुढून दुसरा खांदा वेंडलचा होता.

लॉयस गोळ्यांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचायला लागला. बिस्किटने खालून जांभई दिली.

"आज नाही आले," रीटा म्हणाली. तिने ओपलकडे पाहिलं. ओपलने हातमोजे काढून पुन्हा घातले. सांग, सांग, असं आतून कोणी ढोसत होतं. पण नवरा शेजारी उभा होता, चर्चला जातानाचा शर्ट घालून, दाढी करताना झालेल्या जखमेवर कागदाचा कपटा लावून. त्याच्यादेखत कसं सांगायचं?

"चौथं राहिलं ना?" लॉयस म्हणाला. "ते मोठं. ते दाखव की."

रीटाने ते जरा सावकाशच काढलं. मोठं, भरदार, पण स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेली. "हे ओढायचं नाही," ती म्हणाली. दुकानदारणीचं कसब जिभेवर होतं, ते थांबेना. "पोटाजवळ धरा. डाव्या पंजाने वरचा भाग नुसता घट्ट पकडा, आणि उजव्या हाताने दस्ता पुढे ढकला. बोटांनी नाही, खांद्याने."

वेंडलने धरलं. ढकललं. स्लाईड लोण्यात सुरी जावी तशी मागे गेली आणि खर्रकन पुढे आली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा. मग चाप दाबला: टक्. सोपं. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की क्षणभर तो तीस वर्षांचा झाला, आणि ओपलला त्या हसण्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटला आणि दुकानातून पळूनही जावंसं वाटलं.

"हेच," लॉयस म्हणाला. "कागद मी भरतो. चर्चची भेट आहे, माझ्या नावाने घेतो. त्याला लिहायचा त्रास नको."

"घाई काय आहे?" रीटा म्हणाली.

"रविवार परवावर आला. वेंडल, असं कर, कमरेला लावून त्या खुर्चीत बस. उठता-बसता टोचतं का बघू. आणि 'या-बसा' करून टाकू एकदा."

'या-बसा' म्हणजे राखणदारांची महिन्याची तालीम. एकाने टोपी डोळ्यांवर ओढून परक्यासारखं आत यायचं. दारावरच्याने आधी रिकामा हात पुढे करून म्हणायचं: या, बसा, कुठून आलात? पिस्तूल तालमीत बाहेर काढायचंच नाही. आधी शब्द, आधी रिकामा हात. हा धडा इतरांना शिकवला होता वेंडलनेच. मागच्या दाराने कोण येतंय ते त्याला नुसत्या पावलांवरून कळतं, असं चर्चमध्ये म्हणायचे.

"माझ्या दुकानात तालमी नकोत, लॉयस," रीटा म्हणाली.

"अगं, रिकामं तर आहे. नुसतं नमस्कार-चमत्काराचं. ओपल, तू जा बाहेर आणि ये आत."

रीटाने पिस्तूल पुन्हा उघडलं, आत करंगळी घालून पाहिलं, गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. "रिकामं," ती म्हणाली. ते तिने लॉयसला नाही, ओपलला सांगितलं.

ओपल बाहेर गेली. दार मागे बंद झालं.

बर्फाचे कण गालाला टोचत होते. पिकअप समोरच होती, किल्ली खिशात. जावं निघून, असं तिच्या मनात आलं. टल्सा चार तासांवर. पण वेंडलला मागे ठेवून कुठे जाणार, आणि परत येणार ती कुठल्या दाराने? काचेतून आतले तिघे धूसर दिसत होते. वेंडल खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, पाठ ताठ. त्याला या कामाचा किती अभिमान होता.

आपण आत गेल्यावर तो "या, बसा" म्हणाला, तर सगळं ठीक होईल, असं तिला वाटलं. लगेच वाटलं, आज म्हणेलही. आणि रविवारी म्हणेल. मग एखाद्या मंगळवारी नाही म्हणणार, आणि तेव्हा त्याचे हात चालतील.

अंगात तोच कोट होता. तिने टोपी मागे टाकलेली होती. ती तशीच राहू दिली असती तर चेहरा उघडा राहिला असता. हातमोज्यांत टोपीची कड पटकन सापडेना. मग सापडली. तिने ती दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली आणि भुवयांच्या खालपर्यंत ओढली. तोंडातून जे निघत नव्हतं, ते दारातून आत जाऊ दे.

रिकामं आहे, ती स्वतःशी म्हणाली. रीटाने दोनदा पाहिलंय.

तिने दार ढकललं. घंटी वाजली.

वेंडलने मान वर केली. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तो उघडेल, पुढे येईल, म्हणून. लॉयस हसऱ्या तोंडाने वाट बघत होता.

हात कोटाखाली गेला.

पोटाजवळ धरलं, पंजाने पकडलं, खांद्याने ढकललं. जसं शिकवलं होतं तसंच, नीट, न चुकता. खर्र. नळीचं गोल काळं तोंड तिच्या समोर आलं, आणि त्याच्या मागे ती सिंकपाशी पाहिलेली नजर. ओपलला ओरडायचं होतं. तिच्या दोन्ही हातांनी नसलेला वाडगा छातीशी धरला.

टक्.

आणि जरा थांबून, पुन्हा, टक्.

बिस्किट उठून काउंटरमागे निघून गेला. दुकानात कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं.

"टोपी होती ना डोक्यावर," लॉयस म्हणाला. त्याचा आवाज त्याच्याच ओळखीचा नव्हता. "टोपी असली की कोणालाही... आणि हात बघितलेस, रीटा? हात कसे झकास..."

रीटा काउंटर ओलांडून आली आणि तळवा पुढे करून उभी राहिली. "मिस्टर वेंडल. रिकामं दाखवून द्या."

ते त्याला आठवत होतं. त्याने स्लाईड मागे अडकवली, नळी जमिनीकडे केली, पिस्तूल तिच्या तळव्यावर ठेवलं. रीटाने ते घेतलं, पण चटईवर ठेवलं नाही. खालच्या खणात टाकलं आणि खणाला किल्ली लावली.

ओपलने टोपी मागे सारली. केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते. वेंडल तिच्याकडे बघत होता. एकेक करून घरी परत येत होते सगळे.

"ओपल," तो म्हणाला. "भिजलीस की ग."

"लॉयस," ओपल म्हणाली. ती नवऱ्याकडे बघू शकत नव्हती. "त्याचे हात..." आणि तीन आठवड्यांच्या सवयीने जीभ तिथेच येऊन थांबली. पुढचा शब्द त्याच्यादेखत बाहेर येईना. "लॉयस, त्याचे हात ना..."

वेंडलने आपले हात मांडीवर उताणे ठेवले, पालथे केले, पुन्हा उताणे केले.

"हातांना कशाला बोल लावतेस, ओपल," तो म्हणाला. "हात चालतायत. सगळ्यांनी बघितलं आत्ता." त्याने लॉयसकडे पाहिलं, मग रीटाकडे, आणि शेवटी बायकोकडे. "मला ती ओळखू आली नाही. अंड्यांच्या दिवशीही आली नव्हती."